‘सुरक्षित’ शिक्क्याखाली कोरड्या विहिरी

भूजलाच्या सरकारी मोजणीत डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्यातील दोन्ही तालुके ‘सुरक्षित’ या वर्गात मोडतात. जमिनीत वर्षभरात मुरणाऱ्या आणि वापरास उपलब्ध असणाऱ्या पाण्यापैकी ७० टक्क्यांपर्यंतच उपसा होत असेल, तर ते क्षेत्र सुरक्षित मानले जाते. ७० ते ९० टक्के उपसा असलेले क्षेत्र अंशतः शोषित, ९० ते १०० टक्क्यांचे शोषित आणि त्यापुढचे अतिशोषित. सोलापूर, नगर किंवा जळगावमधील अतिशोषित पाणलोट क्षेत्रांची चर्चा नेहमी होते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या डहाणू-तलासरीची कोणी करत नाही. सोलापूरच्या तिपटीहून अधिक पाऊस पडणाऱ्या भागात भूजलाची चिंता कशाला, असा सर्वसाधारण समज आहे.

मात्र एप्रिल-मे महिन्यांत या समजाला तडा जातो. डोंगराळ पट्ट्यातील पाड्यांवर विहिरींचा तळ दिसू लागतो, हातपंप कोरडे पडतात आणि नदी-ओहोळांच्या पात्रात खड्डे खणून झिरपणारे पाणी वाटीवाटीने भरण्याची वेळ बायकांवर येते. त्याच सुमारास पश्चिमेला, चिंचणीपासून बोर्डी-घोलवडपर्यंतच्या बागायती पट्ट्यात, विहिरींना पाणी असते; पण समुद्राकडच्या अनेक विहिरींचे पाणी मचूळ होऊ लागते. एकीकडे पाणी नाही आणि दुसरीकडे आहे ते गोडे नाही. कागदावर मात्र दोन्ही तालुके सुरक्षित. भूजलाबाबतचा राज्याचा कायदा, त्यावरील देखरेख आणि गावपातळीवरील नियोजन यांची सारी मेख या एका शब्दात दडलेली आहे.

आधी हा शब्द कसा ठरतो ते पाहायला हवे. राज्यातील भूजलाचे मोजमाप भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते. १९७१ साली स्थापन झालेल्या या यंत्रणेने राज्याची दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत विभागणी केली आहे. निवडक निरीक्षण विहिरींची पाणीपातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा नोंदली जाते. पावसाळ्यापूर्वीच्या आणि नंतरच्या पातळीतील फरकावरून किती पाणी मुरले याचा अंदाज बांधला जातो, त्यातून उपसा वजा होतो आणि टक्केवारी निघते. देशपातळीवर ठरलेली ही पद्धत सपाट प्रदेशातील नलिकाकूपांच्या उपशाचा हिशेब बऱ्यापैकी मांडते. कोकणातील उताराच्या, काळ्या पाषाणाच्या मुलखात मात्र तिच्या मर्यादा उघड्या पडतात.

सायवन, गंजाड, कासा किंवा तलासरीतील उधवा या परिसरात जमिनीखाली बेसाल्टचा खडक आहे. त्याच्या झिजलेल्या थरात आणि भेगांतच काय ते पाणी साठते. हिशेबासाठी अशा खडकाची पाणी देण्याची क्षमता साधारण दोन टक्के धरली जाते, म्हणजे शंभर घनमीटर भिजलेल्या खडकातून जेमतेम दोन घनमीटर पाणी विहिरीच्या वाट्याला येते. ही उथळ तिजोरी पावसाच्या पहिल्या काही आठवड्यांतच भरते. पुढचा पाऊस कितीही कोसळला तरी तो ओहोळांवाटे समुद्राला मिळतो. पाऊस थांबला, की साठलेले पाणीही उताराने झिरपत ओढ्यानाल्यांना जाऊन मिळते. कोणी एक घागर उपसली नाही तरी विहीर उतरतच जाते. हिशेबाच्या पद्धतीत या नैसर्गिक गळतीसाठी सर्वसाधारणपणे वार्षिक पुनर्भरणाच्या ५ ते १० टक्केच राखून ठेवले जातात. डोंगरउतारावर ती गळती याहून कितीतरी मोठी असू शकते. परिणामी जे पाणी जानेवारीपूर्वीच वाहून गेले, ते वार्षिक हिशेबात शिल्लक म्हणून दिसत राहते.

दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. उपशाची टक्केवारी कमी असण्याचे एक कारण पाण्याची विपुलता असते, तसेच दुसरे कारण दारिद्र्यही असते. ज्या कुटुंबाकडे स्वतःची विहीर नाही, विजेची जोडणी नाही, पंप नाही, ते कुटुंब उपसा करणार तरी कसा? २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्याची लोकसंख्या सुमारे दीड लाख होती आणि तिच्यात आदिवासींचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक होते. डहाणूची चार लाखांच्या घरात होती आणि तेथेही आदिवासीच बहुसंख्य. पावसाळी भाताचे एक पीक निघाले, की वारली आणि इतर आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, शेजारच्या गुजरातेतील कारखान्यांत मजुरीसाठी बाहेर पडतात. दुसऱ्या पिकाला पाणी नाही म्हणून स्थलांतर, स्थलांतर आहे म्हणून उपसा नाही आणि उपसा नाही म्हणून तालुका सुरक्षित, असे हे वर्तुळ आहे. सुरक्षिततेचा हा शिक्का प्रत्यक्षात वंचिततेची नोंद ठरतो.

किनाऱ्यावरचे चित्र वेगळे. तेथे विहिरी आहेत, पंप आहेत आणि २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या डहाणू घोलवड चिकूच्या बागाही आहेत. वाळू आणि गाळाच्या अरुंद पट्टीत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. शास्त्राचा ढोबळ नियम असा, की समुद्रसपाटीच्या वरची गोड्या पाण्याची पातळी एक मीटरने खाली गेली, तर खालची खाऱ्या पाण्याची सीमा सुमारे चाळीस मीटर वर सरकू शकते. म्हणजे येथे किती पाणी उपसले यापेक्षा ते कोठे आणि किती खोलवरून उपसले, हा प्रश्न महत्त्वाचा. संपूर्ण तालुक्याची एकच टक्केवारी काढली, की डोंगरातला न झालेला उपसा आणि किनाऱ्यावरचा नको तेथे झालेला उपसा यांची सरासरी निघते आणि ती दोन्हीकडचे दुखणे झाकून टाकते.

आता कायद्याकडे वळू. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी त्याचे, ही धारणा रूढ आहे. महाराष्ट्राने तिला पहिली वेसण घातली ती १९९३ च्या कायद्याने. सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदण्यास त्याने मनाई केली. त्याची जागा घेणारा, २००९ चा म्हणून ओळखला जाणारा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १ जून २०१४ पासून अमलात आला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १ ऑगस्ट २०१४ रोजी, ठाणे जिल्हा विभागून पालघर जिल्हा अस्तित्वात आला. नव्या कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणालाच राज्य भूजल प्राधिकरणाचे अधिकार दिले, विहिरींच्या नोंदणीची तरतूद केली आणि साठ मीटर वा त्याहून खोल विहिरींना लगाम घालण्याची व्यवस्था केली.

कागदावर हा कायदा पुरोगामी आहे यात शंका नाही. पण त्याची सर्वांत मोलाची साधने, म्हणजे पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समिती, भूजल वापराचा आराखडा आणि त्यावर बेतलेले पीकनियोजन, ही प्रामुख्याने ‘अधिसूचित’ क्षेत्रांसाठी आहेत. क्षेत्र अधिसूचित व्हायचे तर आधी तेथील भूजलाचा ऱ्हास यंत्रणेच्या आकड्यांत दिसावा लागतो. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले. कायद्याने मात्र नेमका तोच क्रम स्वीकारला आहे. केंद्राच्या योजनांचाही कल तोच. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली अटल भूजल योजना लोकसहभागातून गावोगावी पाण्याचा ताळेबंद मांडण्यासाठी होती. महाराष्ट्रातील १३ जिल्हे तिच्यात घेतले गेले. त्यांत पालघर नव्हता, कोकणातील कोणताच जिल्हा नव्हता. जो आजारी पडलेला नाही त्याची नाडीही पाहायची नाही, असाच याचा अर्थ होतो.

सुरक्षित तालुक्याला मिळते ते विहिरींचे अनुदान. आदिवासी शेतकऱ्यांसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आहे. रोजगार हमीतील सिंचन विहिरीचे अनुदान २०२२ मध्ये चार लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आले. आदिवासी शेतकऱ्याला हक्काची विहीर मिळणे हा न्यायाचाच भाग आहे, त्याबद्दल दुमत नको. परंतु मंजुरी विहीरनिहाय मिळते, गावनिहाय नाही. एका उतारावर किती विहिरी पेलतील, वरच्या पाड्याची विहीर खालच्या पाड्याच्या पिण्याच्या पाण्यावर काय परिणाम करील, याचा आराखडा बांधल्याशिवाय विहिरी वाढत गेल्या, तर आज न झालेला उपसा उद्या अचानक होईल. ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनच्या नळांचेही तेच. ज्या गावांत योजनेचा स्रोत उन्हाळ्यात आटणारी विहीर आहे, तेथे नळ पोहोचला म्हणून पाणी पोहोचतेच असे नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

डहाणूपुरते पाहिले तर संस्थांचा तुटवडा हे कारण मुळीच देता येणार नाही. देशात क्वचितच कोणत्या तालुक्याच्या वाट्याला इतक्या विशेष व्यवस्था आल्या असतील. केंद्र सरकारने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३१ ऑक्टोबर १९९६ च्या आदेशानुसार १९ डिसेंबर १९९६ रोजी डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी २०१९ च्या जानेवारीत त्यांचे निधन होईपर्यंत त्याची धुरा वाहिली. त्याच हिवाळ्यात, १० डिसेंबर १९९६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात भूजलाच्या नियमनासाठी प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला आणि १४ जानेवारी १९९७ रोजी केंद्रीय भूजल प्राधिकरण जन्माला आले. दोन्ही प्राधिकरणे पर्यावरण संरक्षण कायद्याच्या एकाच कलमाखालची. या दोन घटनांच्या मधोमध, २४ डिसेंबर १९९६ रोजी, अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा अस्तित्वात आला. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात.

पर्यावरणासाठी एक, भूजलासाठी एक आणि ग्रामसभेसाठी एक, अशा तीन व्यवस्था चार आठवड्यांच्या आत उभ्या राहिल्या. तिन्हींचा संबंध याच मातीशी होता. पण त्यांची गाठ कधी पडली नाही. डहाणूच्या प्राधिकरणाने आपली शक्ती जमिनीचा वापर, उद्योग आणि प्रदूषण यांवर खर्च केली. औष्णिक वीज केंद्रात गंधक शोषणारी यंत्रणा बसवण्याचा १९९९ चा आदेश प्रत्यक्षात येण्यास २००७ साल उजाडले, यावरून त्या लढाईची दमछाक लक्षात यावी. केंद्रीय भूजल प्राधिकरणाचे लक्ष अतिशोषित क्षेत्रे आणि मोठे उद्योग यांच्याकडे राहिले. सप्टेंबर २०२० च्या त्याच्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर शेती, घरगुती वापर आणि दिवसाला दहा घनमीटरपेक्षा कमी पाणी उपसणारे सूक्ष्म व लघु उद्योग यांना परवानगीतून सूटच दिली. राहता राहिली ग्रामसभा. पेसा कायदा लहान जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन योग्य पातळीवरील पंचायतींकडे सोपवतो. महाराष्ट्राने मार्च २०१४ मध्ये त्याचे नियमही केले. पण भूजल हा शब्द पेसा कायद्यात नाही. त्यामुळे तळे ग्रामसभेचे, त्या तळ्यातून मुरून विहिरीत उतरलेले पाणी राज्य प्राधिकरणाचे आणि विहीर सातबाऱ्यावर नाव असलेल्याची, अशी एकाच पाण्याची तीन तुकड्यांत वाटणी झाली.

हा प्रश्न आजच तातडीचा का, याचे उत्तर डहाणूच्या नकाशावर नजर टाकली तरी मिळते. दिल्ली-मुंबई जोडणीचा द्रुतगती महामार्ग, मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वे आणि स्वतंत्र मालवाहू रेल्वेमार्ग हे तिन्ही याच पट्ट्यातून जातात. ३१ जुलै २०२३ रोजी डहाणूच्या प्राधिकरणाने वाढवण बंदराला ना हरकत दिली, १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. बंदर स्थानिकांना हवे की नको, हा वाद स्वतंत्र आहे. पण बंदराबरोबर गोदामे, वसाहती, हॉटेले, दगडखाणी आणि टँकरचा धंदा येतो, हे सांगण्यास तज्ज्ञ नको. वसई-विरारच्या नागरीकरणाने टँकर आणि कूपनलिका यांचे अर्थकारण कसे उभे केले, हे मुंबईकर वाचकाला ठाऊक आहे. सूर्या नदीवरील धामणी धरणाचे पाणी मूळचे डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी होते. आता त्या नदीतून वसई-विरारला १८५ आणि मीरा-भाईंदरला २१८, असे रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी नेणारी योजना आखली गेली. नदीचे पाणी शहराकडे वळले, की गावाचा भार जमिनीखालच्या पाण्यावर पडतो. तो भार मोजण्याची यंत्रणाच नसेल, तर सुरक्षित हा शिक्का बाहेरून येणाऱ्या उपशाला खुले आमंत्रण ठरतो.

शिवाय या जमिनीखालचे चित्र आपल्याला वाटते तितके साधे नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत, विशेषतः धुंदलवाडी परिसरात, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. शास्त्रज्ञांनी या धक्क्यांचा संबंध पावसाचे पाणी खडकातील भेगांमध्ये खोलवर जाण्याशी असू शकतो, असे मत मांडले. त्यानंतर भूकंपमापक बसले. जमिनीच्या हालचालीची नोंद ठेवण्याची तत्परता जमिनीतल्या पाण्याबाबतही दिसायला हवी होती.

सारे अधिकार ग्रामसभेला द्यावेत, असे सोपे उत्तर यावर दिले जाते. त्यासाठी नगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगरमधील) हिवरे बाजारचा दाखला हमखास निघतो. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने शेतीसाठी कूपनलिका बंद केल्या, ऊस-केळीसारखी पिके नाकारली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची शिस्त लावून घेतली. ते उदाहरण मोलाचे आहे. परंतु त्यामागे एकसंध गाव आणि दीर्घकाळ टिकलेले नेतृत्व होते. डहाणूत एकाच ग्रामपंचायतीत अनेक विखुरलेले पाडे असतात, बागायतदार आणि शेतमजूर यांचे हितसंबंध वेगळे असतात आणि घरटी कर्ती माणसे अर्धे वर्ष बाहेर असतात. ग्रामसभेपुढे महामार्गाचा कंत्राटदार उभा राहिला, तर तिच्या ठरावाला वजन कोण देणार? खडकातील भेगाही गावाची शीव पाळत नाहीत. म्हणून गावाचे नियोजन राज्याच्या देखरेखीशिवाय लुळे पडते. उलट राज्याची देखरेखही गावाच्या माहितीशिवाय आंधळीच राहते. वर्षातून चारदा काही मोजक्या विहिरींत टाकलेली फीत कोणत्या पाड्याचे पाणी कोणत्या आठवड्यात आटले, हे सांगू शकत नाही.

या दोहोंना जोडणारा मार्ग काढण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. पहिली पायरी माहितीची. पाणीपुरवठ्याच्या कामासाठी ग्रामपंचायतींमध्ये जलसुरक्षक आहेत. त्यांच्याकडून ऑक्टोबर ते मे या काळात दरमहा पाड्यांवरील विहिरींची पातळी आणि किनारी गावांत पाण्याचा खारेपणा मोजून घेता येईल. ते आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि यंत्रणेच्या नोंदींत एकाच वेळी आले पाहिजेत. दुसरी पायरी मोजमापाची. डोंगर आणि किनारा यांचा हिशेब स्वतंत्र करावा, आणि वार्षिक टक्केवारीला मे महिन्यातील पेयजलाच्या उपलब्धतेची जोड द्यावी. एप्रिलनंतर ज्या गावात प्यायला पाणी उरत नाही, त्याला सुरक्षित म्हणणे थांबवावे. तिसरी पायरी अधिकाराची. पेसा ग्रामसभेने संमत केलेला पाण्याचा आराखडा विहिरींचे अनुदान, नळयोजना आणि बांधकामासाठीचा उपसा या तिन्हींना बंधनकारक ठरावा. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींना थेट देण्याची पद्धत सुरू झाली. त्यातून वनराई बंधारे, झऱ्यांचे संरक्षण आणि पाणी धरून ठेवणारी कामे आराखड्याबरहुकूम घेता येतील. मोठ्या उपसादारांवर कारवाई करणे, गावागावांतील वाद सोडवणे आणि खारेपणाची सीमा आखून देणे, हे मात्र राज्य प्राधिकरणाचेच काम. ते ग्रामसभेच्या गळ्यात मारून चालणार नाही.

यावर यंत्रणेकडे माणसे कोठे आहेत, असा प्रश्न येईल आणि तो रास्त आहे. राज्यभर अतिशोषित पाणलोटांचा डोंगर उभा असताना सुरक्षित तालुक्यांसाठी वेळ काढणे सोपे नाही. पण अतिशोषित झालेले क्षेत्र पूर्ववत करण्यास लागणारा पैसा आणि काळ पाहता, न बिघडलेल्या जागी आराखडा आखणे कितीतरी स्वस्त आहे. किनाऱ्यावरील विहिरीत एकदा खारे पाणी शिरले, की ते माघारी फिरण्यास पाण्याची कित्येक वर्षे जातात आणि चिकूच्या बागेला तेवढा धीर धरता येत नाही.

१९९६ च्या हिवाळ्यात न्यायालयाने आणि संसदेने डहाणूच्या हाती तीन हत्यारे दिली होती. तीन दशके ती तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांत गंजत पडली. बंदराची भर पडण्यापूर्वी, महामार्गालगतच्या जमिनी विकल्या जाण्यापूर्वी ती एकत्र आणली, तर डहाणू-तलासरी हे राज्यातील पहिले असे क्षेत्र ठरू शकेल, की जेथे भूजलाचे नियोजन संकटानंतर नव्हे, संकटाआधी झाले. अन्यथा आणखी काही वर्षांनी हे तालुके सुरक्षितच्या यादीतून वगळले जातील, अधिसूचित होतील, समित्याही नेमल्या जातील. तेव्हा कायद्यातील सारी कलमे लागू होतील. नियोजन करण्याजोगे पाणी मात्र उरलेले नसेल.